गॅमा किरणांचें माप : कोठला मण, कोठलें बेकरेल?

जुन्या काळीं धान्याच्या बाजारांत कोणी "दहा मण" असें म्हटलें, तर शहाणें गिऱ्हाईक लगेच विचारी, "कोठला मण?" या प्रश्नांत खोचकपणा नव्हता. मुंबईचा मण २८ पौंडांचा होता, सुरतेचा त्याहून जड होता, आणि बंगालचा बाजारमण तर ८२ पौंडांच्याहि वर जाई. नांव एकच, पण तें ज्या गांवीं उच्चारलें जाई त्या गांवाची पुस्ती जोडल्याखेरीज त्यांतून अर्थ निघत नसे. शेर, पायली यांचीहि तीच कथा. १९५६ सालीं वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्यानें बाजारांत आला, आणि हा प्रश्न विचारण्याचें कारण उरलें नाहीं. सायखेड्याच्या बाजारांत आज कांदा क्विंटलांवर विकला जातो, आणि हा क्विंटल गोदावरीच्या काठीं जेवढा, तेवढाच थेम्सच्या काठीं.

आज ज्या मापाविषयीं मी बोलणार आहें तें तराजूंत पडत नाहीं. तें गॅमा किरणांचें माप होय. हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा, असें मानण्याचें कारण नाहीं. आपल्या घरांत येणारें लोणी, चाळींतला कांदा, परदेशीं जाणारा हापूस, या सर्वांचा या मापाशीं कधीं ना कधीं संबंध आलेला आहे. आणि प्रत्येक वेळीं, निराळ्या शब्दांत कां होईना, तोच जुना प्रश्न उभा राहिला आहे.

१९०० सालीं पॅरिसमध्यें पॉल व्हिलार यांनीं रेडियमपासून निघणाऱ्या किरणांत एक अत्यंत भेदक प्रकार ओळखला. १९०३ सालीं रदरफोर्ड यांनीं त्यास ग्रीक वर्णमालेंतील तिसऱ्या अक्षराचें नांव दिलें. हे किरण प्रकाशाच्याच जातीचे. पण दिव्याच्या प्रकाशाचा एक कण आणि गॅमा किरणाचा एक कण यांच्या ऊर्जेंत लक्षावधि पटींचा फरक असतो. त्यामुळें कांच, लांकूड, मनुष्याचें शरीर यांतून ते सहज पार होतात. या गुणाचा लाभ प्रथम डॉक्टरांनीं घेतला. कर्करोगावर रेडियम वापरण्यांत येऊं लागलें, मिलिग्रॅमच्या हिशेबानें तें विकलें जाऊं लागलें, आणि लगेच अडचण उत्पन्न झाली. बंद नळींत नक्की किती रेडियम आहे हें सांगणार कोण? प्रत्येक प्रयोगशाळेचें प्रमाण निराळें होतें. पॅरिसचा मिलिग्रॅम आणि दुसऱ्या शहरांतला मिलिग्रॅम एक असेलच याची हमी नव्हती. हा आमचा मणच नव्हे काय?

१९१० सालीं ब्रुसेल्स येथें भरलेल्या परिषदेनें रदरफोर्ड यांच्या अध्यक्षतेखालीं एक मंडळ नेमलें. मादाम क्यूरी यांनीं १९११ सालीं अत्यंत शुद्ध रेडियम क्लोराइड, वजन २१.९९ मिलिग्रॅम, एका कांचेच्या नळींत बंद केलें. तिकडे व्हिएन्नांत ओटो ह्योनिगश्मिट यांनीं स्वतंत्रपणें अशींच प्रमाणें तयार केलीं होतीं. १९१२ च्या मार्चमध्यें पॅरिस येथें या दोन्हींची तुलना झाली. नळ्या फोडल्या नाहींत, आंतील क्षार पुन्हां तोलले नाहींत. कांचेंतून बाहेर येणाऱ्या गॅमा किरणांचें बळ तेवढें शेजारीं शेजारीं मोजलें. दोन देशांत, दोन हातांनीं, एकमेकांस न विचारतां केलेलीं तीं प्रमाणें मापनाच्या मर्यादेंत तंतोतंत जुळलीं. गॅमा किरणांच्या इतिहासांत मला हा प्रसंग व्हिलारच्या शोधाइतकाच मोठा वाटतो. शोध एकट्या माणसास लागूं शकतो. माप मात्र दोघांचें जुळल्याखेरीज मापच होत नाहीं.

पुढें क्यूरी हें एकक रूढ झालें. एक क्यूरी म्हणजे दर सेकंदास ३,७०० कोटी अणूंचें विघटन. १९७५ सालीं आंतरराष्ट्रीय परिषदेनें त्याऐवजीं बेकरेल स्वीकारलें. दर सेकंदास एक विघटन, तें एक बेकरेल. क्यूरी हें डोंगराएवढें एकक, तर बेकरेल हें वाळूच्या कणाएवढें. म्हणूनच वर्तमानपत्रांत "हजार बेकरेल" असें छापून आलें कीं वाचणाऱ्याचे धाबें दणाणतें. त्यानें एवढें लक्षांत ठेवावें कीं, प्रौढ मनुष्याच्या शरीरांत नैसर्गिक पोटॅशियममुळेंच सुमारें ४,००० बेकरेल सदैव चाललेले असतात, आणि एका केळ्यांत पंधराएक असतात. हें आईच्या दुधापासून आपल्याबरोबर आहे.

येथपर्यंत गोष्ट झाली "किती" याची. पण "कोणाचे" हा प्रश्न राहिलाच. १९२८ सालीं सिद्ध झालेली गायगर आणि म्युलर यांची नळी किरण मोजते, पण त्यांची ओळख पटवीत नाहीं. वर्गांत चाळीस मुलें आलीं एवढें ती सांगते. कोण आलीं हें सांगत नाहीं. हजेरीपटाचें काम केलें तें वर्णपटमापनानें. प्रत्येक किरणोत्सर्गी द्रव्याचे गॅमा किरण ठराविक ऊर्जेचेच निघतात, जणूं त्याची स्वाक्षरीच. सीझियम १३७ ची स्वाक्षरी ६६२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर, पोटॅशियम ४० ची १,४६१ वर, कोबाल्ट ६० च्या दोन, १,१७३ आणि १,३३२. १९४८ सालीं रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनीं दाखविलें कीं, किंचित थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर गॅमा किरण पडला म्हणजे लहानशी चमक उठते, आणि ती चमक त्या किरणाच्या ऊर्जेच्या प्रमाणांत कमीअधिक असते. या चमकांचे विजेचे ठोके करावयाचे, आणि टपालकचेरींत पत्रें गांवोगांवच्या खणांत टाकावीं तसे ते लहानमोठे ठोके हजारों खणांत वांटावयाचे. ज्या खणांत गर्दी झाली तेथें आलेखावर शिखर उभें राहतें. शिखराची जागा नांव सांगते. शिखराचें क्षेत्रफळ प्रमाण सांगतें.

ऐकावयास हें फार सोपें वाटतें. परंतु १९२३ सालीं कॉम्प्टन यांनीं दाखविल्याप्रमाणें, अनेक किरण आपली थोडीच ऊर्जा मागें ठेवून निसटून जातात. त्यांचे ठोके भलत्याच खणांत पडतात आणि प्रत्येक शिखराच्या डावीकडे एक लांबच लांब पठार पसरतें. दुर्बळ द्रव्याचें बारीक शिखर या पठाराच्या गवतांत हरवून जाऊं शकतें. शिवाय आयोडाइडच्या स्फटिकाची दृष्टि अंधुक असते. त्याचें शिखर सुमारें ४५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट रुंद. आतां पाहा, सीझियम १३४ ची एक स्वाक्षरी ६०५ वर आहे, आणि भिंतींतल्या विटांतून व हवेंतल्या रेडॉनमधून येणाऱ्या बिस्मथची ६०९ वर. अंधुक दृष्टीला हे दोघे एकच. एका वर्गांत दोन गोविंद असले म्हणजे नवख्या मास्तराची जी गत होते तीच. १९६० नंतरच्या दशकांत जर्मेनियमचे स्फटिक आले. ते द्रवरूप नत्रवायूंत, शून्याखालीं १९६ अंशांवर थंड ठेवावे लागतात. पण त्यांचें शिखर जेमतेम दीड किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट रुंद असतें. दोन्ही गोविंद निराळे उभे राहतात.

या विद्येची खरी कसोटी आपल्या मुंबईंत लागली ती एका घरगुती वस्तूवरून. २६ एप्रिल १९८६ रोजीं सोव्हिएत संघांतील चेर्नोबिल येथें अणुभट्टीचा स्फोट झाला. किरणोत्सर्गी मेघ युरोपभर पसरला. मेच्या आरंभीं तो आयर्लंडवर आला आणि तेथें पावसानें खालीं उतरला. सीझियम गवतावर पडलें, गवत गाईंनीं खाल्लें. मेअखेर युरोपीय समुदायानें मर्यादा घालून दिली: दूध व बालकांचें अन्न यांत सीझियम किलोमागें ३७० बेकरेल, इतर खाद्यांत ६००. ३७० हा आंकडा पाहून कोणास वाटेल कीं शास्त्रज्ञांनीं फारच सूक्ष्म हिशेब केला. वस्तुतः तो क्यूरीचा दहा कोटींवा भाग होय. जुन्या एककांतला गोल आंकडा नव्या एककांत आला म्हणजे असा चमत्कारिक दिसतो. शेराचे ग्रॅम करतांना आमच्याकडेहि असेंच होत असे.

त्यानंतर युरोपच्या साहाय्यांतून आलेलें २०० टन आयरिश लोणी मुंबईस उतरलें आणि आपल्या दुग्धव्यवसायाच्या योजनेंत वापरलें जाणार होतें. डॉ. शिवराव शांताराम वागळे व इतर नागरिकांनीं त्यास हरकत घेतली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें. तेथें अर्ज फेटाळला गेला. तेव्हां तें सर्वोच्च न्यायालयापुढें आलें.

या लोण्यांत सीझियम किती, हा प्रश्न वरवर पाहतां एका आंकड्याचा. पण तो आंकडा काढूं म्हटलें तर किती गोष्टी आधीं ठरवाव्या लागतात तें पाहूं. आपल्याकडील गृहिणींस एक गोष्ट चटकन पटेल. सीझियम पाण्यांत विरघळतें, स्निग्धांत विरघळत नाहीं. म्हणून दही घुसळलें असतां तें बव्हंशीं ताकांत उतरतें, लोण्यांत थोडें राहतें, आणि लोणी कढविल्यावर तुपांत जवळजवळ नाहींसें होतें. म्हणजे एकाच गाईच्या दुधाचे तीन पदार्थ तीन निरनिराळे आंकडे दाखवितात, आणि तिन्ही आंकडे बरोबर असतात. उलट दुधाची भुकटी केली कीं पाणी जातें आणि सीझियम उरतें; किलोमागचा आंकडा अनेक पटींनीं चढतो. मग मर्यादा कशास लावावयाची, भुकटीस कीं त्या भुकटीचें पुन्हां दूध केल्यावर? युरोपच्या नियमांत हें आवर्जून लिहावें लागलें कीं, मर्यादा पिण्यास सिद्ध झालेल्या दुधाची धरावी.

पुढें नमुना यंत्रापाशीं आला. सुटलेल्या शंभर किरणांपैकीं शिखरांत पडतात ते दोनचारच. बाकीचे बाजूनें जातात, आरपार निघतात किंवा पठारांत विखुरतात. हें प्रमाण भांड्याच्या आकारावर, नमुन्याच्या उंचीवर, त्याच्या घनतेवर अवलंबून असतें. लोणी स्वतःच कांहीं किरण गिळतें, माती अधिक गिळते, वाळलेलें गवत कमी. यास्तव स्फटिकाच्या भोंवतीं टोपीसारखें बसणारें, मारिनेली यांच्या नांवानें ओळखलें जाणारें एक ठराविक भांडें वापरतात, आणि ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे असें प्रमाणद्रव्य त्याच भांड्यांत, तेवढ्याच उंचीपर्यंत भरून यंत्राची परीक्षा घेतात. वाण्याचें वजन खरें कीं खोटें तें सरकारी वजनाशीं ताडून पाहावें, तसाच हा प्रकार. चेर्नोबिलनंतर व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुशक्ति संस्थेनें सीझियम असलेली दुधाची भुकटी अशा प्रमाणद्रव्यासाठीं वांटली, ती याच कारणानें.

भिंतींचा त्रास वेगळाच. विटा, चुना, शेजारीं उभा असलेला यंत्रचालक, सर्वांतून किरण येत असतात. म्हणून स्फटिकाभोंवतीं शिशाची जाड पेटी करतात. पण शिशांतहि त्याचाच एक किरणोत्सर्गी भाऊबंद असतो, आणि तो निम्मा होण्यास सुमारें २२ वर्षें लागतात. म्हणून शिसें जितकें जुनें तितकें चांगलें. पोलादाच्या बाबतींत १९४५ पूर्वींचें, म्हणजे अणुस्फोटांआधींचें पोलाद शास्त्रज्ञ शोधीत फिरत, आणि त्यासाठीं बुडालेलीं जहाजें कामास येत. नव्याची हांव सर्वांस. जुन्या भंगाराची किंमत एवढी कोठेंच नसेल.

यानंतर गणिताचा भाग येतो. तो मला शाळामास्तर म्हणून प्रिय आहे. अणूंचें विघटन हें नाणेफेकीसारखें असतें. शिखरांत शंभर ठोके मोजले तर त्या आंकड्यांत सुमारें दहांची अनिश्चितता असते, दहा हजार मोजले तर शंभरांची. म्हणजे शंभरपट मोजावें तेव्हां भरवसा दहापट वाढतो. एकानें दहा मिनिटें मोजून "४०" लिहिलें आणि दुसऱ्यानें रात्रभर मोजून "४०" लिहिलें, तर कागदावर दोघे सारखे दिसतात, पण ते सारखे नाहींत. त्या ४० पुढें "अधिक-उणें किती" हें नसेल तर तो आंकडा अर्धाच आहे. तारखेचेंहि तसेंच. सीझियम १३४ दोन वर्षांत निम्मेपणास येतें, सीझियम १३७ ला तीस वर्षें लागतात. नमुना केव्हां घेतला, केव्हां मोजला, आणि उत्तर कोणत्या दिवसाचें म्हणून सांगितलें, हें लिहिलें नाहीं तर पुढील वाचणाऱ्यास तें निरुपयोगी. सीझियम १३७ च्या शंभर विघटनांतून ६६२ चे किरण ८५ च निघतात, हें गुणकहि सर्वांनीं एकाच कोष्टकांतून घ्यावें लागतें. दोघांनीं दोन कोष्टकें घेतलीं कीं यंत्र सारखें असूनहि उत्तरें निराळीं.

यांत सर्वांत फसवा शब्द म्हणजे "आढळलें नाहीं". अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लॉइड करी यांनीं १९६८ सालीं एका लेखांत दाखवून दिलें कीं, "आढळलें नाहीं" म्हणजे "मुळींच नाहीं" असा अर्थ नव्हे. आमच्या यंत्रास, एवढ्या वेळांत, एवढ्या पार्श्वभूमींत, अमुक मर्यादेच्या खालचें दिसूं शकत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. ती मर्यादा न सांगतां "नाहीं" म्हणणारा अहवाल ग्राहकाला धीर देतो, माहिती देत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानें प्रा. एम्. जी. के. मेनन, डॉ. पी. के. अय्यंगार व प्रा. जी. व्ही. के. राव यांची समिति नेमली आणि तिला एकच प्रश्न विचारला: अणुऊर्जा नियामक मंडळानें २७ ऑगस्ट १९८७ रोजीं ठरविलेल्या मर्यादांच्या आंत असलेलें दूध, लोणी व इतर खाद्य मनुष्यास निर्धोक आहे काय? समितीनें होकार दिला, आणि १९८८ सालीं न्यायालयानें तो मान्य केला. या निकालावर त्या काळीं समाधान आणि असमाधान दोन्ही व्यक्त होणें स्वाभाविक होतें. माझ्या मतें येथें दोन प्रश्नांची गल्लत होऊं देतां कामा नये. किती आहे, हें मापाचें काम. किती चालेल, हें समाजाचें. न्यायालयानें आंकडा स्वतः ठरविला नाहीं. तो कोणीं ठरवावा एवढें ठरविलें. आणि ज्या नागरिकांनीं शंका काढली त्यांनीं कांहीं वावगें केलें असें मला वाटत नाहीं. "कोठला मण?" असें विचारणारें गिऱ्हाईक बाजारास नेहमींच हवें असतें.

आतां कोणी विचारील, प्रमाणद्रव्याशीं ताडून यंत्र तपासलें, पण त्या प्रमाणद्रव्याचें उत्तर कोणीं काढलें? याचें उत्तर आपल्याला ट्रॉम्बेस नेतें. तेथें ४ ऑगस्ट १९५६ रोजीं अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. भाभांच्या निधनानंतर, १९६७ सालीं, त्या केंद्रास त्यांचें नांव देण्यांत आलें, आणि आज किरणोत्सर्गाचीं राष्ट्रीय प्रमाणें सांभाळण्याचें काम तेथेंच चालतें. प्रमाण काढण्याची जी युक्ति तेथें वापरतात, ती मला इतकी आवडते कीं थोडें थांबून सांगतोंच. समजा, एका पुस्तकाचीं मुद्रितें दोघांनीं स्वतंत्रपणें तपासलीं. एकास ४० चुका सांपडल्या, दुसऱ्यास ३०. त्यांपैकीं २४ दोघांसहि सांपडल्या. तर पुस्तकांत एकूण चुका किती? चाळीस गुणिले तीस, भागिले चोवीस: पन्नास. दोघांपैकीं कोण किती दक्ष होता हें ठाऊक नसतांनाहि एकूण संख्या निघाली. कोबाल्ट ६० चा अणु फुटतांना बीटा कण आणि गॅमा किरण एकदमच निघतात. एक यंत्र बीटा मोजतें, दुसरें गॅमा मोजतें, तिसरें दोघे एकाच क्षणीं आले तेवढेच मोजतें. पहिल्या दोहोंचा गुणाकार करून तिसऱ्यानें भागिलें कीं विघटनांची खरी संख्या हातीं येते. कोणत्याहि यंत्राची कार्यक्षमता आधीं ठाऊक असण्याची गरज नाहीं. प्रत्यक्षांत यास कांहीं दुरुस्त्या कराव्या लागतात, पण मूळ युक्ति हीच. पॅरिसजवळ सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयाकडे १९७६ पासून निरनिराळे देश आपापल्या नळ्या तुलनेसाठीं पाठवितात. ट्रॉम्बेनेंहि त्या पाठविल्या आहेत. १९१२ सालीं मादाम क्यूरींच्या पॅरिसमध्यें जें झालें, तेंच आज अखंड चालू आहे.

या मापाचा उपयोग आमच्या निफाड तालुक्यांतल्या शेतकऱ्यास काय? तो आहे. लासलगांव येथें २००२ सालीं भाभा केंद्रानें कृषि उत्पादन संरक्षण केंद्र, ज्यास थोडक्यांत "कृषक" म्हणतात, तें सुरू केलें. उन्हाळ कांदा चाळींत पावसाळाभर ठेवावा लागतो, आणि त्यास कोंब फुटले कीं भाव पडतो. कोबाल्ट ६० चे गॅमा किरण ठराविक मात्रेंत दिले तर कोंब फुटत नाहीं. १९९४ सालीं आपल्या देशांत कांद्यास मंजूर झालेली मात्रा होती ३० ते ९० ग्रे. ग्रे म्हणजे दर किलोमागें एक ज्यूल ऊर्जा.

येथें माप निराळें आहे, ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. लोण्यांतून किती किरण बाहेर निघतात हें तेथें मोजावयाचें होतें; कांद्यांत किती किरण मुरले हें येथें मोजावयाचें आहे. ६० ग्रे ऊर्जेनें कांद्याचें तपमान अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपासच वाढतें. साध्या तापमापकास तें कळणार कसें? म्हणून लोहक्षाराच्या द्रावणासारखीं रासायनिक मापकें वापरतात; किरणांनीं त्या द्रावणांतील लोहाचें रूप पालटतें आणि तें किती पालटलें यावरून मात्रा कळते. १९२७ सालीं ह्यूगो फ्रिके यांनीं ही पद्धत सुचविली. पेटींतील बाहेरच्या कांद्यास मात्रा अधिक, मधल्यास कमी. मधल्यास ३० हून कमी मिळूं नये आणि कडेच्यास ९० हून अधिक मिळूं नये, हें साधणें म्हणजेच या केंद्राचें कौशल्य. त्यांत कोबाल्ट स्वतः दर महिन्यास सुमारें १ टक्क्यानें क्षीण होत असतें. म्हणून पेट्या नेणाऱ्या सांखळीचा वेग पुनःपुन्हां मंद करावा लागतो. पंचांग न पाहतां चालणारा हा कारखाना नव्हे.

गांवांत लोक मला विचारतात, किरण दिलेला कांदा किरणोत्सर्गी होतो काय? होत नाहीं, कोबाल्टच्या किरणांची ऊर्जा अणूचें केंद्रक बिघडविण्यास पुरत नाहीं. पण माझ्या शब्दावर कोणी विसंबूं नये. असा कांदा जर्मेनियमच्या यंत्रापुढें ठेवावा. १,१७३ आणि १,३३२ वर शिखर नसतें. असतें तें १,४६१ वर, पोटॅशियमचें, आणि तें किरण न दिलेल्या कांद्यांतहि तेवढेंच असतें. वर्णपटानें जसा निर्दोषाचा निर्वाळा मिळतो, तसाच दोषीहि सांपडतो. २००८ सालीं फ्रान्समध्यें उद्वाहनाच्या बटणांत कोबाल्ट ६० सांपडलें, आणि माग काढीत गेल्यावर तें पोलाद महाराष्ट्रांतील एका ओतशाळेंत भंगार वितळवून झालेलें निघालें. भंगारांत कोठून तरी टाकून दिलेला कोबाल्टचा तुकडा आला होता. दोन शिखरांनीं नांव सांगितलें. नांवावरून गांव लागला.

मात्र वर्णपट एका देशांतून दुसऱ्या देशांत जावयाचा तर तो वाचतां आला पाहिजे. बराच काळ प्रत्येक यंत्राचा कारखानदार आपापल्या लिपींत वर्णपट साठवी. एकाचा दुसऱ्यास वाचतां येत नसे. २००६ सालीं अमेरिकेंत एन्. ४२.४२ या नांवाचें प्रमाण निघालें. त्यांत खणांतील ठोक्यांच्या बरोबरच मोजण्याचा काळ, दिनांक, ऊर्जेचें कोष्टक, यंत्राची जात, हें सर्व ठराविक जागीं लिहिण्याचा दंडक आहे. शाळेचा दाखला जसा ठराविक नमुन्यांत असावा लागतो, तसाच हा वर्णपटाचा दाखला.

आंब्यास कीटकनाशनासाठीं याहून मोठी मात्रा लागते. अमेरिकेची अट किमान ४०० ग्रेची, आणि कमाल १,००० ची. २००७ च्या एप्रिलांत लासलगांवीं ही प्रक्रिया होऊन हापूस आणि केसर अमेरिकेस गेले, तेव्हां आमच्या भागांत त्याचें मोठें कौतुक झालें. पुढें हें काम नवी मुंबईंतहि होऊं लागलें. २०२५ च्या मे महिन्यांत तेथें प्रक्रिया होऊन विमानानें गेलेल्या आंब्यांच्या किमान १५ खेपा अमेरिकेंतील विमानतळांवर अडविण्यांत आल्या. निर्यातदारांचें म्हणणें होतें कीं, आंब्यांस मात्रा नियमाप्रमाणें मिळाली आहे. अमेरिकी अधिकाऱ्यांचें म्हणणें होतें कीं, तिचा दाखला बरोबर नाहीं. गॅमा किरण आंब्यांत मागें कसलाच किरणोत्सर्ग ठेवीत नाहींत. त्यामुळें लॉस एंजेलिसच्या विमानतळावर वर्णपट घेऊन हा वाद मिटविण्यासारखा नव्हता. मात्रेचा पुरावा कागदावरच होता. खेपा परत आणण्याचा खर्च मालाच्या किंमतीच्या मानानें फार होता. आंबे तेथेंच नष्ट करण्यांत आले.